तीन लिटर

डॉक्टर म्हणाले, आता दिवसाला तीन लिटर.
उकळून, गार करून, मोजून.
मला हसू आलं.
आमच्या बोळात नळ पाचव्या दिवशी येतो,
तोही रात्री अडीचला,
आणि आधी अर्धा तास नुसती हवा सोडतो
दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखी.

त्याआधी चार वर्षं अर्धा लिटर होतं.
चहा, गोळ्या, आमटीचं पाणी, सगळं त्यातच.
एप्रिलात पत्रा तापला की
बर्फाचा खडा गालात धरायचो
आणि शेजारच्या खाटेवरून बसलिंग विचारायचा,
"कुठवर आला बे?"
"जिभेच्या टोकावर."
"गिळू नको. मला सांग कसा लागतोय."

सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची पाळी.
त्याचं मशीन कुरकुरायचं.
मी म्हणायचो, तुझ्या मागाला तेल पाहिजे,
तो म्हणायचा, जॉबर तू ना? ऊठ मग.
दोघांच्या हातातून लाल दोरा
चार तास जायचा, यायचा,
कापड काही निघायचं नाही.

यादीत त्याचं नाव माझ्या वर होतं.

फोन आला त्या रात्री त्याची जुळणी फसली, माझी बसली.
कुठल्यातरी घरात आकांत चालला असेल
आणि मी कोरी चादर पिशवीत कोंबत होतो.
बसलिंगला सांगायला जीभ उचलेना.
त्यानंच फोन केला,
"अजून घरीच? रिक्षा पाठवू का, लेका?"

आता मी खिडकीच्या आत, तो बाहेर.
मास्क दोघांना.
सूतगिरणीची धूळ नको, गर्दी नको,
बाहेरची शेंगाचटणी नको.
गड्डा त्यानं फोनवर दाखवला, पाळण्यात बसून,
सगळं सोलापूर खालीवर होत होतं
आणि तो ओरडत होता,
"तो बघ तुझा पत्रा! काळा टॉवेल वाळतोय बघ!"
काळा टॉवेल आमच्याकडं नाहीच.
मी म्हणालो, हो, दिसला.

सकाळी आठ, रात्री आठ, गोळी.
आठला पाच कमी असताना त्याचा मिस्ड कॉल.
गुरुवारी आला नाही.
गोळी घेऊन फोन मांडीवर ठेवून बसलो.
नऊला त्याची बायको बोलली, रेवम्मा,
"रात्री छातीत पाणी भरलं होतं. आता बरं हाय.
गोळी घेतली का विचारतेत तुम्हाला."

गोळीनं हात थरथरतात.
तुटलेली तार सांधायला गेलो,
वीस वर्षं बोटं डोळे झाकून मारायची ती गाठ,
सात वेळा सुटली.
गाल फुगलेत, दाढी करताना आरशात
कुणी दुसराच गालफडं ताणतो.
"पेढीवरचा शेट दिसतोयस," बसलिंग म्हणतो,
"उधारी देशील का?"

आज दुपारी आला
तो स्कूटरवर पाच लिटरचा कॅन घेऊन.
उजव्या हातानं उतरवला, डावा जपून,
त्या मनगटाशी अजून झरा वाजतो.
"तुमचा नळ उद्या हाय ना?
आमच्याकडं मी पीत न्हाई, उरतंय."
कॅन दारात ठेवला, दोन पावलं मागं सरला,
खिडकीच्या कठड्याशी टेकला.

"पी की बे. बघू."

मला जमेना.
त्याचे ओठ सुकून पांढरे,
उन्हात बसलेला माणूस.
"नखरे नको. आवाज आला पाहिजे."

बायकोनं कालचं उकळलेलं तांब्यात ओतलं.
मी प्यायलो, घटघट, मान वर करून,
हनुवटीवरून गळ्यात सांडलं तरी थांबलो नाही.
तो डोळे मिटून ऐकत होता.
तांब्या खाली ठेवला
तेव्हा आवंढा त्यानं गिळला.

वहीत लिहिलं, दुपार, चारशे मिली.

"साडेचारशे लिही," तो म्हणाला.
"मी मोजलंय."